पाण्यात पडलेले ठिपके

“पाण्यात पडलेला ठिपका म्हणजे चूक,” बोआक्ये सर वर्गाला म्हणाले. “चुका निवडायच्या आणि पुसायच्या. नकाशाचा हा शेवटचा धडा. जरा हात चालवा, दुपारी माझी गाडी आहे.”

झिग्बोदीने आपल्या पडद्याकडे बघितलं. आत्ताआत्तापर्यंत ती आपल्या नकाशावर खूश होती. लॅपटॉपवरच्या चित्रात एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाजण आणि मधे चिंधीएवढी वाळू. तिचे ठिपके सगळे समुद्रात होते, पण कसे ओळीने बसले होते! बुडालेल्या गल्ल्या जशाच्या तशा.

सर तिच्यामागे येऊन थांबले. “हे काय गं? घरं टिपायला सांगितली होती, मासे नव्हे.”

“घरंच आहेत, सर. मी प्रत्येकाला घर कुठे म्हणूनच विचारलं.”

तिथेच तर घोडं पेंड खात होतं. त्यांच्या गावात, अग्बेकोपेत, घर कुठे म्हणून विचारलं, की माणूस आपली नाळ पुरली ती जागा दाखवतो. नाळेवर नारळ लावायचा आणि त्या नारळापाशी घर, ही तिथली रीत. समुद्राने गाव गिळल्यावर खाजणाच्या काठी पत्र्याच्या खोपी उभ्या राहिल्या, त्यांना कोणी घर म्हणत नाही. ती ‘निजायची जागा’. झिग्बोदीने घर विचारलं आणि माणसांनी तिला होडीत घालून लाटांपलीकडे नेलं. म्हाताऱ्यांनी बोट दाखवावं, हिने तिथे मोबाइल धरून ठिपका टिपावा. त्यात वावगं काही आहे, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

आणि जिल्हा कचेरी नवी जागा देणार होती ती नकाशावर ज्याचं घर दिसेल त्यालाच. नकाशा आज सरांबरोबर कचेरीत जायचा होता.

तिचे वडील आमेतेपे सकाळपासून शाळेच्या दारात बसले होते, ठेवणीतलं वस्त्र खांद्यावर टाकून. आपलं घर नकाशात कसं दिसतं ते त्यांना बघायचं होतं. झिग्बोदी त्यांच्याजवळ जाऊन उकिडवी बसली. काय झालं ते तिने सांगितलं. सांगताना तिला त्यांच्याकडे बघवेना.

“पपा, आपण निजतो ती जागा टिपू? मी पळत जाऊन येते. निदान आपली तरी.”

“ती जागा दुसऱ्याची, पोरी. पावसाळ्यापुरतं टेका म्हणाला, म्हणून टेकलो. तिला घर म्हटल्याचं त्याच्या कानावर गेलं, तर उद्या पत्रे काढायला लावील. आपलेच नव्हे, सगळ्यांचे.”

ती लॅपटॉपपाशी परत आली. सर माणूस वाईट नव्हता. दारातला म्हातारा त्याने बघितला होता. त्याने आवाज खाली आणला.

“बोलाव त्यांना आत.” आमेतेपे आत आले. “हे बघा बाबा, तुमचा ठिपका मी उचलून इथे वाळूवर ठेवतो. एवढा एकच. एवढ्याने काय बिघडतंय?”

आमेतेपे पडद्यावर वाकले. निळ्यातले ठिपके त्यांनी एकेक करून बघितले. गल्ल्या त्यांना ओळखू आल्या असाव्यात, कारण त्यांचं बोट पडद्याला न लागता एका वळणावरून हळूच फिरलं. मग त्यांनी सरांच्या बोटाखालची वाळू बघितली.

“कचेरीची माणसं जागा बघायला कधी यायची?”

“पुढच्या वर्षी. लवकर म्हणजे पुढच्या वर्षी.”

म्हातारा सरळ झाला. घसरलेलं वस्त्र त्याने पुन्हा खांद्यावर घेतलं.

“मग नका सरकवू, सर. तोवर ही वाळूही पाण्यात गेलेली असेल. माझ्या पोरीला एकच घर दोनदा पुसायला लावू नका.”