आधी काय उतरवायचे?

“भिया, फॉरमॅट मारना पडेगा,” असे धारमधल्या दोन दुकानदारांनी कुशलचा लॅपटॉप बघून सांगितले होते. डेटाचे काय, या प्रश्नावर दोघांनीही खांदे उडवले होते.

म्हणून शनिवारी देवासहून तिसरा उपाय आला. ओळखीच्या एका कुटुंबाने तिथले दुकान सुचवले होते. दुकानाकडून एक मुलगी आली. पाठीवर पिशवी, पिशवीत दोन हार्ड डिस्क.

कुशल महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे. त्याने प्रकरण थोडक्यात मांडले. बाग या गावाजवळच्या लेण्यांतील आर्द्रतेची तीन वर्षांची मोजमापे आणि त्यांवरचा प्रबंध याच लॅपटॉपमध्ये होता. प्रबंध सोमवारी द्यायचा होता. यंत्र निळ्या पडद्यापुढे सरकत नव्हते.

“दुसरी प्रत?”

“नाही.”

“आणि विज्ञान शिकवता?”

“शिकवतो. पाळतो असं कुठे म्हटलं?”

ती हसली नाही. “फाइली कुठे ठेवता?”

“डेस्कटॉपवर.”

“म्हणजे सी ड्राइव्हवरच. तो पुसला असता तर सगळं गेलं असतं.” तिने एक सीडी आत सरकवली. “यंत्र आता हिच्यावरून सुरू होईल. तुमच्या डिस्कवर काही लिहायचं नाही, फक्त वाचायचं. आधी प्रती काढू, विंडोज मग नव्याने टाकू.”

पडद्यावर फोल्डर दिसू लागले. कुशलने श्वास सोडला. तेवढ्यात लॅपटॉपमधून टकटक ऐकू येऊ लागली.

“डिस्कच आजारी आहे,” मुलगी म्हणाली. “कधी थांबेल सांगता येत नाही. आधी काय उतरवू?”

कुशलने पडद्यावर बोट ठेवले. “‘प्रकल्प’ नावाचं फोल्डर.”

“प्रबंध त्यात आहे?”

“नाही. विद्यार्थ्यांचे प्रकल्प आहेत. त्यांच्या घरी संगणक नाहीत, सगळं इथेच टाइप केलं. हाताने लिहिलेले कागद मीच टाकून द्यायला सांगितले होते.”

“आणि तुमची मोजमापं?”

“पुन्हा घेता येतील.”

“तीन वर्षं? सोमवारचं काय?”

“सोमवार दर आठवड्याला येतो.”

तिने प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिले आणि ते फोल्डर निवडले.

कुशलची आई पोह्यांच्या बशा घेऊन आली. “खा गं बाई, वरून जिरावन मसाला भुरभुरून घे. आणि कुशल, उद्या मुलगी बघायला जायचंय, लक्षात आहे ना? पत्रिका उत्तम जुळलीय.”

“ग्रहांचं मोजमाप कोणी तपासलंय, आई? निदान फोटो तरी मागवायचास.”

“आपल्यात फोटोवरून ठरवत नाहीत. प्रत्यक्ष बघायचं.”

मुलीने पडद्यावरची नजर न काढता पोहे संपवले.

प्रकल्प उतरले. त्यांच्यामागून प्रबंध उतरला. मोजमापांचे शेवटचे फोल्डर दोनदा अडखळले, तिसऱ्यांदा आले. त्यानंतर तिने जुनी डिस्क काढून नवी बसवली, विंडोज टाकले आणि सर्व फाइली परत जागेवर आणल्या.

“उघडून बघा,” ती म्हणाली. “फाइल उतरली म्हणजे उघडतेच असं नाही.”

कुशलने प्रबंध शेवटच्या पानापर्यंत तपासला. मग प्रकल्प एकेक करून उघडले. सर्व शाबूत होते. आभार मानताना त्याला शब्द सुचेनात. वर्गात असे कधी होत नसे.

मुलगी पिशवी आवरून दाराशी गेली. कुशल आईकडे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, “आई, उद्याचं रद्द कर.”

“का रे? मिळालं ना सगळं?”

“मिळालं. पण आता मला तिकडे जाणं प्रामाणिकपणाचं वाटत नाही.”

आईने आधी मुलाकडे पाहिले, मग दाराकडे. तिने कपाळाला हात लावला. “अरे, शब्द दिलाय मी त्या लोकांना!”

मुलगी चपला घालता घालता थांबली.

“येणार नसाल तर आत्ताच सांगा,” ती म्हणाली. “आमच्या आईनं तुम्हा दोघांसाठी सकाळीच श्रीखंडाचा चक्का टांगलाय.”