वाचवलेली टेकडी

चढ संपला तिथे अर्नी सिल्वेरा थांबला. दम लागला होता म्हणून नव्हे. जे बोलायचं ते वर गेल्यावरच बोलायचं, असं त्याने सकाळी दाढी करतानाच ठरवलं होतं. लेक मागून येत होती. संध्याकाळच्या विमानाने ती दूर दुसऱ्या राज्यात, बॉयसीला परत जाणार होती, नवऱ्याकडे आणि मुलांकडे.

मे संपत आला होता. गवत पार पिवळं पडलेलं. खाली पायथ्याशी घरांची छपरं एकमेकांना खेटून बसली होती. वर मात्र एकही घर नाही. चरणारी गुरं, ओकची झाडं, आणि टेकडीला वळसा घालून पुन्हा खाली उतरणारी ही वाट, लहान पोरांनाही जमेल अशी.

लुसिया येऊन शेजारी उभी राहिली. अर्नी बोलणार, तेवढ्यात समोरून मिसेस हॅलोरन आल्या, गल्लीतल्याच, हातात कुत्र्याचा पट्टा. लुसियाला बघून त्यांना भलताच उत्साह आला. तुझे वडील नसते तर आज इथपर्यंत घरं आली असती, त्या सांगू लागल्या. नगरपालिकेच्या सभेत बिल्डरच्या माणसांना त्यांनी एकट्याने गप्प केलं होतं. एरवी अर्नीला हे ऐकायला आवडायचं. आज ही बाई कधी एकदा जाते असं त्याला झालं.

"माहितीय," लुसिया म्हणाली. "मी होते त्या सभेला."

बाई गेल्या. बापलेक उताराला लागले.

बिल्डर बांधणार होता ती घरं लहानच होती, भिंतीला भिंत लागलेली, दोन शिक्षकांच्या पगारात बसतील अशी. लुसियाने आणि तिच्या नवऱ्याने त्यांतल्या एकासाठी नाव दिलं होतं. अर्नीला हे सभेच्या आधीच ठाऊक होतं. मिळेल त्यांना दुसरीकडे काहीतरी, असं तो तेव्हा बायकोला म्हणाला होता. दुसरीकडे काही मिळालं नाही, आसपासच्या गावांतही नाही.

"लुसी, तुम्ही सगळे इकडे या राहायला," तो एकदम म्हणाला. वर बोलायची म्हणून ठरवून ठेवलेली वाक्यं वेगळी होती. "तुझी आई गेल्यावर मला एकट्याला किती खोल्या लागतात?"

ती थोडी चालत राहिली. मग तिने समजुतीच्या सुरात सांगितलं, की मुलं आता तिथे रुळलीत, नोकऱ्याही तिथेच आहेत, आणि घर स्वतःचं आहे. त्या नव्या घराचा फोटो अर्नीने पाहिला होता. मागे टेकडी दिसत होती.

"आमच्या तिकडच्या घरांनाही विरोध झाला होता, बाबा. तुम्हाला सांगितलं नव्हतं मी. सभेत एक आजोबा उठले. म्हणाले, मी जन्मभर या टेकडीवर फिरलोय, आता बाहेरची माणसं येऊन तिची वाट लावणार. बाहेरची म्हणजे मी. मी मागच्या रांगेत बसले होते." ती हसली. "छान बोलले हां पण. अगदी तुमच्यासारखे."

"मग?"

"हरले."

"बरं झालं," अर्नी म्हणून गेला. मग बराच वेळ तो पायांखालच्या वाटेकडेच बघत चालला.

खालचं फाटक आलं. त्याने कडी काढली आणि तिला पुढे जायला वाट दिली.

"ते आजोबा अजून येतात का तिकडे फिरायला?"

"रोज सकाळी. आमच्या कुंपणाला लागूनच वाट आहे ना. मुलं त्यांना हात करतात."

"आणि ते?"

"आधी मान वळवून जायचे. आता थांबतात. परवा धाकटीला घारीचं पीस आणून दिलं."

ती रस्ता ओलांडून गाडीपाशी गेली आणि तिने वळून पाहिलं. अर्नी अजून आतच होता, फाटक उघडं धरून. मागून कोणी येत नव्हतं.