अर्ध्या तासातली सहा मिनिटं

सहाच्या सहा मिनिटं मारिटने एक वाजून दहाच्या आत उधळून टाकली होती, आणि आजोबा रेडिओवर आले ते एक वाजून बारा मिनिटांनी.

"मारिट, आहेस का गं? जनरेटर रुसला होता. तुझ्या आर्नेकाकाने दोन लाथा घातल्या तेव्हा कुठे उठला."

अलास्कातून! आणि आवाज असा लख्ख की मिनेसोटातल्या तिच्या गॅरेजमध्येच खुर्ची ओढून बसलेत म्हणावं. त्यांचा खोकलासुद्धा ओळखीचा. मारिटचा हात झपकन रेडिओची ताकद वाढवणाऱ्या अॅम्प्लिफायरच्या बटणाकडे गेला. आणि तिथेच थबकला.

समोर भिंतीवर तिच्याच अक्षरातला कागद होता. तिची अँटेना म्हणजे मागच्या मेपलच्या झाडाला बांधलेली लांब तार, आणि ती शेजाऱ्यांच्या झाडावरच्या खोपटापासून बरोब्बर पाच फुटांवरून जायची. खोपटात कुणी नसेल तर आठशे वॅटवर हवं तितकं बोला. कुणी असेल तर तारेतून निघणाऱ्या लहरी त्याच्या अंगाला बाधू नयेत म्हणून अर्ध्या तासात सहाच मिनिटं, पुढची सहा पुढच्या अर्ध्या तासात. रेडिओचा परवाना हातात पडल्या पडल्या तिने स्वतः टेप धरून मोजलं होतं, गणित केलं होतं, खाली झोकदार सही ठोकली होती. वर एक प्रत शेजारच्या डुप्रीबाईंना नेऊन दिली होती. "तुमच्या ओपलला कधी म्हणजे कधीच खाली उतरावं लागणार नाही!"

सात वर्षांची ओपल आत्ता खोपटातच होती.

आणि आजची सहा मिनिटं? ठरल्या वेळी, एकच्या ठोक्यापासून मारिट रिकाम्या हवेत हाका मारत सुटली होती. आजोबा, मी मारिट, आजोबा, ऐकताय का? रेडिओ क्लबातली सगळी पिकली डोकी एकच गोष्ट घोकून घ्यायची: आधी ऐक, मग बोल. तिने ऐकलं होतं. मोजून दहा सेकंद.

"घाई नाही हं," आजोबा म्हणाले. "म्हणजे आहे. इथलं ठाणं आज कायमचं बंद. विमान नदीवर येऊन थांबलंय. पायलट म्हणतोय, पाणी गोठायच्या आत निघू. आर्ने अँटेनाचा मास्ट उतरवायला शिडी लावून उभाय. पण रेडिओच्या वहीत शेवटची ओळ तुझ्यासाठी ठेवलीय. एकेचाळीस वर्षांत तुझं नाव नाही बघ या वहीत."

मारिटने नुसत्या रेडिओवर, शंभर वॅटवर हाक मारली. तेवढी मुभा कागदात होती. "आजोबा, मी आहे! आहे मी!"

"काही नाही," आजोबा कुणाला तरी म्हणाले. "नुसती खरखर."

ती पुन्हा ओरडली. जशी काही जोरात ओरडल्याने वॅट वाढतात. मग माईक टाकून धावत मागच्या अंगणात गेली.

"ओपल! पाचच मिनिटं खाली ये ना. प्लीज!"

फळीवरून दोन लाल बूट लोंबत होते. वरून चेहरा डोकावला. "का? आज धोका आहे?"

"नाही गं. म्हणजे... तसं नाही."

"मग कशाला उतरू? तूच म्हणालीस उतरावं लागणार नाही. आईने तुझा कागद फ्रिजवर लावलाय."

"आइस्क्रीम देते."

"आई म्हणते, मारिट खाऊ दाखवून उतरवायला लागली तर सरळ मला येऊन सांग. मग आई तुझी तार काढायला लावणारे." ओपलने मान तिरकी केली. "सांगू?"

गॅरेजच्या उघड्या दारातून आजोबांचा आवाज अंगणभर येत होता.

"तुला कोणीतरी बोलवतंय," ओपल म्हणाली.

"माहितीये मला."

"मग ओ दे की."

मारिट परत गॅरेजमध्ये आली. अॅम्प्लिफायरचं बोटाएवढं बटण. कोण बघणार होतं? कोण मोजणार होतं? तिने बोट ठेवलं. खिडकीतून तार दिसत होती, आणि तारेपासून पाच फुटांवर ते हलणारे लाल बूट. तिने बोट उचलून मांडीखाली दाबून धरलं आणि घड्याळाकडे बघत बसली. एक वाजून वीस. अजून दहा मिनिटं.

"झोपली असेल," काकाचा आवाज आला. "शनिवार आहे, अप्पा. पोरगी आहे ती. चला आता."

"माझी मारिट? छे! तिचं यंत्र बिघडलं असेल. मीच घेऊन दिलं ना, जुनंच." आजोबा खोकले. "बाळा, ऐकू येत असेल तर वाईट वाटून घेऊ नकोस. होतं असं."

मग खट्‌ असा आवाज झाला. मग खरखर.

एक वाजून चोवीस मिनिटांनी डुप्रीबाईंनी जेवायला हाक मारली आणि ओपल शिडीवरून टणाटणा उतरून घरात पळाली. खोपटं रिकामं झालं.

मारिटने अॅम्प्लिफायर चालू केला. आठशे वॅट. काटा ताडकन उजवीकडे गेला.

"आजोबा, मी मारिट. मी मारिट बोलतेय."

खरखर. आणि मग त्यातून एक अनोळखी, आनंदी आवाज.

"हॅलो मारिट, मी फेअरबँक्सहून! वा, काय खणखणीत येतेस गं तू इकडे अलास्कात! आज सकाळपासून इतकं स्वच्छ कुणीच ऐकू आलं नव्हतं. बोल, बोल, ऐकतोय मी."