प्रॉसर घोडा

“इड्वलकाका, धरणाचं पाणी बाहेर सोडायचा नळ कुठून जातो?” नेरिसनं दारातूनच विचारलं.

“उद्या त्या दगडावरची चादर काढायची आणि आज तुला नळ आठवला?” इड्वलनं केटली शेगडीवर ठेवली. चाळीस वर्षं तो या धरणाची राखण करत होता. “आधी बस. चहा घे.”

नेरिस बसली, पण कोट काढला नाही. जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात जुने कागद सांभाळायचं तिचं काम. धरणाच्या पायथ्याशी उभ्या केलेल्या स्मारकाच्या दगडावरचा मजकूर तिनंच लिहून दिला होता. ‘हे धरण जोसाया प्रॉसर या इंजिनियरनं बांधलं, १८६८.’ खाली त्याच्या आणखी चौदा धरणांची यादी. चौदाच्या चौदा आजही उभी.

“प्रॉसर दोन होते, काका. नाव तेच, धंदा तोच, वर्षंही तीच. माझ्या आधीच्या सगळ्यांनी दोघांचे कागद एकाच गठ्ठ्यात बांधले, आणि मी ते डोळे मिटून दगडावर कोरायला दिले.”

इड्वलला हसू आलं. “त्यात काय एवढं? या आळीत चार इड्वल आहेत. पाकिटावर ‘इड्वल पाणी’ लिहिलं नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो.”

“म्हणून तर आले. सरकारी कागदात टोपणनाव लिहीत नाहीत. तुमच्या पणजोबांनी या धरणावर माती ओढली. ते आपल्या प्रॉसरला काय म्हणायचे?”

“प्रॉसर घोडा. घोड्यावरून यायचा, घोड्यावरूनच ओरडायचा, घोड्यावरूनच परत जायचा. त्याच्या बुटाला इथला चिखल कधी लागला नाही म्हणायचे.”

म्हणजे हे धरण दुसऱ्याच प्रॉसरचं, नेरिसनं ताडलं. ज्या प्रॉसरच्या डायऱ्या तिनं हिवाळाभर वाचल्या, ज्याच्यावर तिचा जीव जडला होता म्हटलं तरी चालेल, तो लहानपणी घोड्यावरून पडला होता आणि जन्मभर पायीच हिंडला. चिकणमाती तो स्वतःच्या टाचेनं तुडवून बघायचा. नळ मातीच्या भरावातून न्यायचा नाही, बाजूच्या कातळातूनच न्यायचा, हा त्याचा हट्ट होता.

“आपला नळ सरळ भरावाच्या पोटातून जातो,” इड्वल म्हणाला. “का गं?”

तिनं पिशवीतून शेजारच्या जिल्ह्याकडून कालच आलेला चौकशीचा एक कागद काढला. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात या घोडेवाल्यानं आणखी एक धरण बांधलं होतं. ते तिसऱ्याच हिवाळ्यात फुटलं आणि एकसष्ट माणसं गेली. नळाच्या कडेकडेनं पाणी माती खात गेलं होतं. चौकशीत कपडे धुणाऱ्या एका बाईनं सांगितलं होतं, पायथ्याच्या झऱ्यावर आठवडाभर पांढरे कपडे पिवळट निघत होते. ती घरोघरी सांगत फिरली, पण कुणी मनावर घेतलं नाही. आठव्या दिवशी धरण फुटलं.

इड्वलनं कागद वाचून बाजूला सारला. “पोरी, आपलं दीडशे वर्षं उभं आहे.”

“तपासायला येतात ते काय बघतात?”

“वहीचं पहिलं पान उघडतात, प्रॉसरचं नाव वाचतात. म्हणतात, या माणसाचं एकही धरण गळलेलं नाही. मग भिंतीवरून एक चक्कर मारतात आणि माझा चहा पितात.” हे बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कसंसं वाटलं असावं.

खाली शाळेची मधली सुट्टी झाली होती. पोरांचा गलका स्वयंपाकघरापर्यंत येत होता. नेरिसला तो ऐकवेना.

मागच्या दारानं इड्वलची बायको ऑल्वेन आत आली. तिच्या हातात पिळलेली ओली चादर होती.

“आता हिचं काय करू ते तुम्हीच सांगा. उद्या दगडावर घालायची म्हणून गेल्या शनिवारी धुतली तर पिवळी निघाली. परवा उकळली, तर आणखीच पिवळी. आज साबणाची अख्खी वडी संपवली.”

“पाणी कुठलं?” नेरिसनं विचारलं.

“झऱ्याचं. दुसरं कुठलं असणार? या पाण्यात कपडा कसा दुधासारखा निघायचा.”

इड्वलनं केटली खाली उतरवली, झाकण काढून आत पाहिलं आणि तशीच उघडी ठेवून तो फोनकडे गेला. धरण तपासणाऱ्यांचा नंबर त्यानं फिरवला.

ऑल्वेननं चादर खिडकीसमोर उजेडात धरली. “उद्या अख्खं गाव धरणाखाली उभं राहणार,” ती म्हणाली, “गाणं म्हणायला शाळेची पोरं पुढे असणार. त्यांच्यासमोर ही असली चादर बरी दिसेल का?”