शेजारच्या सीटचा ब्रेक

काकू चुकीच्या सीटवर बसल्या आणि त्यांनी पट्टाही लावला.

"काकू, ही माझी जागा," ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर दारातून वाकून म्हणाले. "तुमची पलीकडे. ते गोल स्टिअरिंग दिसतंय ना, त्याच्यामागे."

"स्टिअरिंग नको. मला ब्रेक शिकायचाय."

"सगळंच शिकवतो की. क्लच, गिअर..."

"फक्त ब्रेक. या बाजूचा."

मास्तरांनी नाना तऱ्हेचे शिकाऊ पाहिले होते. एकाला रिव्हर्स शिकायचाच नव्हता, कारण माणसाने मागे जाऊ नये असं त्याचं मत होतं. एक बाई दर खड्ड्याला गाडीला सॉरी म्हणायच्या. पण नुसता ब्रेक मागणारं गिऱ्हाईक हे पहिलंच. हा आपल्या थट्टेखोर मेव्हण्याचा चावटपणा असणार, या संशयाने त्यांनी रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं. मेव्हणा नव्हता.

काकू वाकून पायाशी बघत होत्या. तिथे शिकवणाऱ्यासाठी एक जादा ब्रेक असतो. शाळेतल्या मास्तरांच्या हातात छडी, तसा या मास्तरांच्या पायाखाली तो.

"खरा आहे ना हा? लागतो?"

"काकू, त्याच्याच जिवावर जिवंत आहे मी."

"मग चला," म्हणून काकूंनी दार लावून घेतलं. आता मास्तरांना गाडीत शिरायला एकच जागा उरली होती.

स्वतःच्याच गाडीत शिकाऊच्या सीटवर बसल्यावर मास्तर एकदम नवशिके झाले. आरसा उगाच नीट केला, सीट पुढेमागे केली आणि पहिल्याच झटक्यात गाडी बंद पाडली. टपावर 'शिकाऊ' अशी पाटी होती. आज ती कुणाबद्दल होती, हे सांगणं कठीण होतं.

गोदामांच्या मागे सरावाचा रस्ता होता. तिकडे सहसा कुणी फिरकत नाही. मास्तर सावकाश निघाले. शेजारी काकू पर्स मांडीवर धरून ताठ बसल्या होत्या. उजवा पाय ब्रेकवर ठेवलेला, पण हलकाच, झोपलेल्या मांजराला उठवायचं नसावं तसा.

"याआधी चालवलीय कधी?" बोलायला काहीतरी हवं म्हणून मास्तरांनी विचारलं.

"नाही. आमच्याकडे गाडी हेच चालवायचे. मी शेजारी बसून खाली पाय दाबायची."

मास्तर मोकळेपणाने हसले. "सगळ्याच बायका दाबतात हो. आमची तर स्कूटरवर मागे बसूनसुद्धा दाबते."

"माझ्या पायाखालच्या मॅटला भोक पडलं," काकूही थोड्या हसल्या. "तर यांनी नवी मॅट आणली. रबराची, जाड. म्हणाले, घे, तुझा ब्रेक बदलून आणलाय."

"साहेब भारी आहेत तुमचे."

"अजून दाबते मी," काकू समोर बघत म्हणाल्या. "टीव्हीसमोर. जेवताना. झोपेत. मुलगा डॉक्टरकडे घेऊन गेला. त्यांनी पाय तपासला. पाय उत्तम आहे म्हणाले. त्यांच्या खुर्चीतही मी दाबतच होते."

"मग यायचं ना साहेबांना घेऊन. जोडीने शिकवलं असतं."

काकूंनी मांडीवरची पर्स सरळ केली. वळण आलं. मास्तरांनी शिकवतात तसा हॉर्न वाजवला, शिकवतात तसा वेग कमी केला आणि गाडी वळवली. पलीकडे रस्ता रिकामा होता. एक कुत्रं होतं, तेही कडेला, तेही झोपलेलं.

काकूंनी ब्रेक दाबला. सगळा जीव पायात आणून दाबला.

गाडी जागच्या जागी गचकन थांबली आणि बंद पडली. मास्तर पुढे फेकले गेले, पट्ट्याने त्यांना परत सीटवर आणून आपटलं. काकूंची पर्स खाली पडली. कुत्र्याने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा टाकली.

"अहो काकू! काही नाहीये समोर!"

"हेही असंच म्हणाले होते."

मास्तरांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, ते तिथेच राहिले.

"ट्रक यांच्या आधी मला दिसला," काकू म्हणाल्या. "मी दाबला होता. असाच. एवढाच जोर लावून."

"मग?" मास्तर सवयीने बोलून गेले. बोलल्यावर त्यांना तो शब्द परत तोंडात घालता आला असता तर बरं वाटलं असतं.

"खाली मॅट होती."

काकूंनी वळून मास्तरांकडे पाहिलं. त्यांचं कपाळ पाहिलं, मग छाती, मग हात.

"लागलं नाही ना तुम्हाला?"

"नाही, नाही. काही नाही."

"नक्की ना?"

"नक्की काकू. पाय काढा आता. थांबलीय गाडी."

"हो. थांबली," काकू म्हणाल्या. पण पाय काढला नाही.

मागून एक टेम्पो वळण घेऊन आला आणि कर्कश ब्रेक लावून त्यांच्या मागे थांबला. टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न दिला. मग टपावरची पाटी वाचून त्याचा पारा जरा खाली आला. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय झालं हो?"

मास्तरांनी तोंड उघडलं, पण काकूंनी त्यांच्या आधी काच खाली केली.

"काही नाही," त्या बाहेर वाकून म्हणाल्या. "काहीसुद्धा झालं नाही!"

आणि काच तशीच उघडी ठेवून त्यांनी ब्रेक आणखी जोरात दाबून धरला.