कोरड्या रानातली फवारणी

लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच. चाकूरजवळच्या मडिवाळप्पानं टँकरचं प्यायचं पाणी पाठीवरच्या पंपात ओतलं आणि उजाड रानात फवारणी मांडली. बांधावर गाव खिदळू लागलं. "आप्पा, ढेकळांना कीड लागली का वो?" आप्पाच्या थापा अख्खा तालुका ओळखून होता. बायको शिवम्मा तेवढी हसली नाही. जन्मभर त्यानं फवारणीचं औषध उघड्या हातानं कालवलं होतं. ते डोक्यात मुरलंय, असं डॉक्टर म्हणाले होते. परवा लेकीचं नावही त्याला आठवलं नाही. देवा, ही थापच असू दे, म्हणत ती रानात शिरली. "सरळ येऊ नगं!" आप्पा ओरडला. "कापूस गुडघ्याएवढा झालाय, तुडवशील की!" थाप मारताना त्याच्या मिशा हलायच्या. आज हलल्या नाहीत. शिवम्मा मागं फिरली. बांधावरून लांबचा वळसा घालून, कापूस वाचवत, त्याच्यापाशी गेली.