लोंबती वायर

"वायरमनला सर्व्हरमधलं काय कळतं? उद्यापासून येऊ नकोस!" दवाखान्याचे अधीक्षक भर रांगेसमोर गरजले. दसऱ्याच्या सुट्टीनंतर आज नोंदणीचे संगणक सुरू करताच ठप्प झाले होते. केसपेपरावाचून रुग्ण तिष्ठत होते.

माझा संताप मस्तकात गेला, तथापि मी प्रथम सर्व्हर पाहिला. त्याच्या दोन वायरी मिळून एकच वाट होते. परंतु साऱ्या संगणकांच्या वायरी जोडणाऱ्या नव्या नेटवर्क स्विचला ही जोडी अद्याप शिकवलेली नव्हती. दोन्ही जोडल्यास तेच निरोप गरगरत राहून सारे जाळे तुंबते. म्हणून एक वायर मी स्वहस्ते सोडवून ठेवली होती. आता ती लागलेली होती, वर झेंडूचे फूलही होते.

"ही कोणी लावली?"

"तूच!" साहेब म्हणाले.

"अहो साहेब," नोंदणीच्या खिडकीतल्या पाटोळेबाई उद्गारल्या, "परवा खंडेनवमीच्या पूजेला, फोटोत लोंबती वायर बरी दिसत नाही म्हणून तुम्हीच नाही का खोचलीत?"

मी वायर उपटली. संगणक सुरू झाले.

"झालं ना? लाग कामाला," साहेब पुटपुटले.

"लागतो. परंतु ते वाक्य ज्यांच्यासमोर उच्चारलेत, त्यांच्यासमोरच मागे घ्या."

पहिल्या रुग्णाच्या हाती केसपेपर आला, तरी साहेबांकडे पाहत तो खिडकीशीच उभा राहिला.